तिसरी चौकट

तेरणापूर शहराच्या जलनिरीक्षण केंद्रात शिवकन्या लोखंडे पहिल्यांदा आली ती १७ जानेवारी २०५८ रोजी, सकाळी साडेनऊला. आल्या आल्या तिने विचारलं, चपला बाहेर काढायच्या का.

"नको, तशाच या," फरहीन काझी म्हणाली.

शिवकन्या दारातच थांबून राहिली. समोरची सबंध भिंत म्हणजे एक पडदा होता. त्यावर शहराचा नकाशा, उत्तर दिशा वर, आणि नकाशावर सुमारे नऊ हजार ठिपके. प्रत्येक ठिपका म्हणजे जमिनीखालच्या नळात बसवलेला एक जलसंवेदक. पाण्याचा दाब, क्लोरीन आणि गढूळपणा यांची मोजणी तो दर मिनिटाला केंद्राकडे पाठवत असे. ठिपक्यांचे रंग सतत बदलत होते.

सत्तेचाळीस वर्षांच्या शिवकन्येने बावीस वर्षं शहराच्या जुन्या भागात पाणी सोडलं होतं. खांद्यावर लांब लोखंडी चावी घेऊन गल्लीगल्लीतून फिरायचं, वॉल्व्ह उघडायचे, तासाभराने बंद करायचे. गेल्या वर्षी सगळ्या वॉल्व्हना मोटारी बसल्या आणि ते काम संपलं. मग एक दिवस तिच्या नावाने पत्र आलं. 'प्रशिक्षणार्थी निरीक्षक, विदाचित्रण विभाग.' विदाचित्रण म्हणजे काय हे घरात कोणालाच नीट सांगता येईना. तिच्या मुलीने शोधून सांगितलं, "आई, आकड्यांची चित्रं काढायची."

"मला चित्रकला कधीच जमली नाही," शिवकन्या म्हणाली होती.

फरहीनने तिला एका टेबलाशी बसवलं. ती चौतीस वर्षांची गणितज्ञ होती. केंद्रात वापरली जाणारी 'चित्रवेध' ही प्रणाली नवख्यांना शिकवण्याचं काम तिच्याकडे होतं. टेबलाच्या काचेवर एक कोरं पान उघडलं. डाव्या बाजूला काही शब्द होते. वेळ, दाब, क्लोरीन, गढूळपणा, ठिकाण.

"हे रकाने आहेत," फरहीन म्हणाली. "आणि यांच्या मागे आकड्यांच्या ओळी. एका वेळी एका ठिकाणी घेतलेली मोजणी म्हणजे एक ओळ. चित्रवेध काय करतो, तर एका ओळीचा एक ठिपका करतो. बस, एवढंच. पण आधी प्रश्न हवा. तुम्हाला काय बघायचंय?"

"मला काय कळतंय त्यातलं, मॅडम."

"पाण्यातलं कळतं ना? मग विचारा."

शिवकन्येने थोडा विचार केला. "बुरुजाजवळ माझा वॉल्व्ह होता. मोटार बसल्यापासून तिथं पाणी कसं येतंय ते बघायचंय. कालचं."

फरहीनने तिला 'ठिकाण'मधून बुरूज निवडायला लावलं. मग 'वेळ' हा शब्द बोटाने ओढून खालच्या आडव्या रेषेवर सोडायचा, 'दाब' हा उभ्या रेषेवर. पहिल्यांदा शिवकन्येचं बोट घसरलं आणि शब्द परत जागेवर गेला. दुसऱ्यांदा तो रेषेला चिकटला. पानावर ठिपक्यांची एक ओळ उमटली. सकाळी सहाच्या सुमाराला ती एकदम खाली कोसळली होती.

शिवकन्येने हात मागे घेतला. "काहीतरी बिघडलं."

"काही बिघडलेलं नाही. उभी रेषा शून्यापासून सुरू झालेली नाही, म्हणून उतार मोठा दिसतोय. तिचं खालचं टोक धरा आणि शून्यापर्यंत ओढा."

तिने ओढलं. कडा होता तिथे एक उथळ खळगा झाला. शिवकन्या त्याच्याकडे बघत राहिली आणि हसली. "सहाला सगळे एकदम नळ सोडतात. बागवान गल्लीवाले आधी. हा बघा, हा त्यांचा खळगा."

त्या आठवड्यात ती तीन धडे शिकली. पहिला ठिपक्यांचा. दुसरा रंगांचा, म्हणजे एखादा रकाना 'रंग' या खणात टाकला की वेगवेगळ्या वर्षांचे किंवा वेगवेगळ्या पेठांचे ठिपके वेगळ्या रंगात येतात. तिसरा चौकटींचा. एक चित्र फोडून त्याची शेजारीशेजारी अनेक चित्रं करायची, प्रत्येक पेठेची एक चौकट. चौथ्या धड्याचं पान तिने उघडलं तेव्हा त्यावर कुलूप दिसलं.

"तो धडा तुम्हाला नाही," फरहीन जरा संकोचून म्हणाली. "असं का, ते डॉक्टरसाहेब सांगतील."

डॉ. हेरंब उकिडवे केंद्राचे प्रमुख होते. साठीला आलेले, उंच आणि किंचित वाकलेले. आवाज इतका हळू, की समोरच्याला पुढे झुकावं लागे. त्यांनी शिवकन्येला मोठ्या पडद्यासमोरच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः शेजारी उभे राहिले. फरहीनही मागे होती.

"यंत्राला आपण सांगितलेलं असतं, की क्लोरीन इतक्याच्या खाली गेलं तर घंटा वाजव," ते म्हणाले. "यंत्र चोख काम करतं. पण जे आपण सांगितलेलंच नाही, ते ते शोधत नाही. आता माणसाचा डोळा घ्या. तुम्ही गर्दीच्या बाजारातून चालला आहात. काहीतरी विचित्र आहे, पण काय ते अजून समजलेलं नाही. तरी तुमची नजर तिथे क्षणभर अडते. खरं ना?"

"हो. पाय पण अडतो."

"ते अडणं मोजता येतं. या खुर्चीच्या कडेला नेत्रवेधक आहेत. तुमची नजर पडद्यावर कुठे किती वेळ थांबली ते ते टिपतात. पाव सेकंदापेक्षा जास्त थांबली तर त्याला आम्ही थबक म्हणतो. तुम्हाला कारण सांगता आलं नाही तरी चालेल. एकाच जागी पुन्हा पुन्हा थबक आली, की आम्ही तिथे माणसं पाठवतो."

"मग त्याला मी कशाला? तुम्ही एवढे शिकलेले लोक आहात."

उकिडव्यांनी हमालपुऱ्याची गोष्ट सांगितली. दोन वर्षांपूर्वी शहराच्या उत्तर कडेच्या त्या वस्तीत काविळीची साथ आली. दोनशे बारा माणसं आजारी पडली, तीन गेली. एका फुटक्या नळातून गटाराचं पाणी आत येत होतं. प्रत्येक मोजणी मर्यादेच्या आतच होती, त्यामुळे यंत्राची घंटा वाजली नाही. पण ठिपक्यांची रंगसंगती चार दिवस चमत्कारिक दिसत होती. नंतर कोणालाही दाखवली तरी लगेच नजरेत भरत होती.

"त्या आठवड्याची पाळी माझी होती," उकिडवे म्हणाले. "चार दिवस मी याच खुर्चीत होतो. नंतर माझ्या नजरेच्या नोंदी काढून बघितल्या. हमालपुऱ्यावर एकही थबक नव्हती."

"मग आम्ही मागच्या सहा वर्षांच्या नोंदी तपासल्या," फरहीन म्हणाली. "केंद्रात पाच तज्ज्ञ निरीक्षक आहेत. नजर पडद्याच्या किती भागावर फिरते त्याचा आम्ही एक आकडा काढतो. त्याला पसारा म्हणतो. पाचही जणांचा सरासरी पसारा सहा वर्षांपूर्वी शंभर धरला, तर आज तो अठ्ठ्याऐंशी आहे. दर वर्षी थोडा थोडा कमी होत गेलाय."

"याचा अर्थ असा," उकिडवे म्हणाले, "की माणूस जितका जाणता होतो, तितकी त्याची नजर आखडते. कुठे बघायचं हे त्याला आधीच माहीत असतं. मग बाकीच्या ठिकाणी ती जातच नाही. म्हणून आम्हाला कोऱ्या नजरेची माणसं लागतात. तीन धडे, चाळीस बैठका. त्यानंतर आम्ही आभार मानून निरोप देतो. तुमच्या आधी एकतीस जण येऊन गेले."

शिवकन्येने दोनदा मान हलवली. जिना उतरताना तिच्या लक्षात आलं, की रोज एक बैठक धरली तर आपली नोकरी दोनेक महिन्यांची आहे.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, तिच्या सतराव्या बैठकीत, गंजपेठेच्या एका कोपऱ्यावर तिची नजर तीनदा थबकली. फरहीनने विचारलं तेव्हा तिला कारण सांगता आलं नाही. "तिथले ठिपके एकामागून एक रंग बदलतायत. शेजारच्या पेठेत सगळे एकदम बदलतात," एवढंच ती म्हणाली. माणसं गेली, रस्ता खणला. नळाला बोटभर चीर होती आणि तिच्यापासून दोन हातांवर गटार. अजून घाण आत शिरली नव्हती. गंजपेठेतल्या आठशे घरांना काही कळायच्या आत दुपारपर्यंत नळ बदलून झाला.

केंद्रात पेढे वाटले गेले. उकिडव्यांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. ती संधी साधून शिवकन्या म्हणाली, "साहेब, मला पुढचे धडे शिकू द्या."

"ते शक्य नाही, शिवकन्याताई. तुमच्याच उपयोगाचा घात होईल."

"घरी मी पोरीला रोज सांगते, आज काय शिकले ते. ती विचारते, उद्या काय? मी काय सांगू तिला?"

"मी तुम्हाला कारण सांगितलं आहे."

"सांगितलंत ना. म्हणजे मी अडाणी राहिले तरच कामाची." तिचा आवाज चढला नव्हता. "बावीस वर्षं पाणी सोडलं. रोज काहीतरी नवीन कळायचं, आणि रोज जास्त दिसायचं. माझं तर कधी कमी झालं नाही, साहेब."

उकिडव्यांनी पेढ्याचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि ते आपल्या खोलीत गेले.

संध्याकाळी निघताना फरहीनने तिला थांबवलं. "नवा धडा मी देऊ शकत नाही. पण शिकलेल्या तीन धड्यांचा सराव करायला बंदी नाही. केंद्राच्या ग्रंथालयात जुन्या नोंदींचे संच आहेत. हवा तो उघडा."

"त्या पाच तज्ज्ञांच्या नजरेचा आहे का?"

"आहे. नावं काढून टाकली आहेत, नुसते एक ते पाच क्रमांक आहेत. पण तोच कशाला?"

"शहाणपण नजर कशी खातं ते बघायचंय," शिवकन्या म्हणाली. "माझे किती दिवस राहिलेत ते तरी कळेल."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने डबा एका बाजूला सारला आणि तो संच उघडला. सहा वर्षांच्या नोंदी, साडेचार लाख ओळी. आधी प्रश्न. तो तिच्याकडे होता. कोणत्या वर्षी कोण कुठे बघत होतं?

एक ओळ म्हणजे एक थबक. थबकेची आडवी जागा तिने आडव्या रेषेवर सोडली, उभी जागा उभ्या रेषेवर. पान गच्च भरलं, काही समजेना. मग 'वर्ष' हा रकाना रंगाच्या खणात टाकला. जुनी वर्षं निळी, अलीकडची लाल. तरी नुसता गोंधळ. पाचही जणांची मिळून एक सरासरी काढावी हे तिच्या डोक्यात आलं नाही, कारण सरासरी चौथ्या धड्यात होती. तिला येत होत्या त्या चौकटी. तिने 'निरीक्षक क्रमांक' उचलून चौकटींच्या खणात सोडला.

एका चित्राची पाच चित्रं झाली.

पहिली चौकट वरपासून खालपर्यंत भरलेली होती, निळे आणि लाल ठिपके एकमेकांत मिसळलेले. दुसरी तशीच. चौथी, पाचवी तशाच. तिसऱ्या चौकटीत निळे ठिपके सगळीकडे होते, पण लाल ठिपके फक्त खालच्या अर्ध्या भागात होते. मधल्या वर्षांचा जांभळा रंग त्यांच्याहून थोडा वर, पाऊण उंचीपर्यंत चढून थांबला होता. वरच्या पट्टीत लाल ठिपके जवळजवळ नव्हतेच. कमानीसारख्या एका रेषेच्या वर नुसते जुन्या वर्षांचे निळे ठिपके.

शिवकन्येने दोन वेळा सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून काढलं. चित्र तेच आलं. मग तिने फरहीनला हाक मारली.

फरहीन टेबलाशी आली, पाहिलं आणि खुर्ची ओढून बसली. मग तिने स्वतःच्या नावाने प्रणाली उघडली, तिसऱ्या क्रमांकाच्या नोंदी वगळल्या आणि उरलेल्या चौघांचा सरासरी पसारा काढला. आकडा आला सत्त्याण्णव. एकट्या तिसऱ्याचा आला बावन्न.

"हे तुम्ही कधी बघितलं नव्हतं?" शिवकन्येने विचारलं.

"नाही. हमालपुऱ्यानंतर साहेबांनीच नियम केला होता, की निरीक्षकांच्या नोंदी एकत्रच मांडायच्या, सुट्या करून बघायच्या नाहीत. कोणा एकावर बोट ठेवलं जाऊ नये म्हणून." फरहीनने पडद्यावरच्या दोन्ही आकड्यांकडे पुन्हा पाहिलं. "शिवकन्याताई, चौघांची नजर सहा वर्षांत नावापुरतीच आखडलीय. सगळी घट एका माणसाची आहे. आम्ही ती पाच जणांत वाटून टाकली आणि तिला नियम म्हणालो."

"तीन नंबर कोण?"

"ती यादी फक्त साहेबांकडे आहे."

उकिडवे खिडकीशी बसून काहीतरी वाचत होते. फरहीनने चित्र त्यांच्या टेबलावर उघडलं आणि काय केलं ते शिवकन्येने सांगितलं, सावकाश, एकही पायरी न गाळता. पाचही चौकटी त्यांनी क्रमाने पाहिल्या. तिसरीशी ते थांबले. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

"वरच्या बाजूला हमालपुरा येतो," फरहीन म्हणाली. "या निरीक्षकाला कोणीतरी विचारायला हवं, सर."

"विचारण्याची गरज नाही," उकिडवे म्हणाले. "तिसरा मी आहे."

फरहीनने तिसरी चौकट मोठी केली.

"पण मी रोज सगळा नकाशा बघतो," ते म्हणाले, स्वतःशीच बोलल्यासारखे. "आत्तासुद्धा मला वरची कड दिसते आहे."

"बघायचं ठरवलं की दिसत असेल," शिवकन्या म्हणाली. "बाजाराचं बोलणं झालं होतं ना, पाय अडतो ते? तो आपण ठरवून अडवत नाही. कुणीतरी हाक मारल्यासारखं होतं. तुम्हाला वरनं हाकच येत नसेल, साहेब."

फरहीन त्यांच्या समोर खुर्ची घेऊन बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. तिची आई काचबिंदूची रुग्ण होती आणि ही तपासणी तिने डॉक्टरांना करताना पाहिली होती. "सर, एक डोळा झाका. माझ्या नाकाकडे बघा, दुसरीकडे बघायचं नाही. पेन दिसलं की सांगा." तिने पेन दोघांच्या मधोमध, डोक्याच्या बरंच वर धरलं आणि हळूहळू खाली आणलं. तिला स्वतःला ते वर असल्यापासूनच दिसत होतं. ते जवळजवळ तिच्या कपाळाच्या पातळीला आलं तेव्हा उकिडवे म्हणाले, "आता." दुसऱ्या डोळ्यानेही तेच झालं.

"कुठून आणलंस?" त्यांनी विचारलं.

"वरून," फरहीन म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "खूप वरून, सर."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी त्यांना नेत्ररुग्णालयात घेऊन गेल्या. काचबिंदूच होता, दोन्ही डोळ्यांत, किमान पाच वर्षांचा. डॉक्टरीणबाईंनी डोळ्याच्या एका चित्रावर समजावून सांगितलं. डोळ्यातला दाब वाढतो आणि मज्जातंतू हळूहळू मरतात. दुखत नाही. जो भाग दिसेनासा होतो तिथे काळोख येत नाही, मेंदू आजूबाजूच्या रंगांनी तो भरून काढतो. त्यामुळे रुग्णाला आपलं काही हरवलंय हे समजतच नाही. नजर मुद्दाम वळवली तर वरचंही दिसतं. पण एरवी डोळा तिकडे वळावा असं काही घडत नाही, कारण तिकडची खबरच त्याला लागत नाही.

"गेलेलं परत येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण मधला आणि खालचा भाग उत्तम आहे. आजपासून थेंब सुरू केले, वेळेवर घातले, तर तो टिकवता येईल. अजून दोन वर्षं उशीर झाला असता तर मी हे सांगू शकले नसते. कुणाच्या लक्षात आलं?"

"यांच्या," उकिडवे शिवकन्येकडे बोट करून म्हणाले.

परतताना गाडीत ते मागच्या सीटवर बसले होते. बरंच अंतर गेल्यावर म्हणाले, "दोन वर्षं मी समजत होतो, की मला माझ्या ज्ञानाचा माज आला. म्हणून ती तीन माणसं गेली. त्या तिघांच्या घरी जाऊन मी तसं सांगूनही आलो."

शिवकन्येने वळून त्यांच्याकडे पाहिलं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "परत जाऊन खरं कारण सांगा. मी येते सोबत."

ते गेले. दोन घरांनी ऐकून घेतलं. तिसऱ्या घरातल्या म्हाताऱ्या बाईंनी दार उघडलं, बोलणं ऐकलं आणि पाणी आणून दिलं.

केंद्रात मात्र आणखी एक काम उरलं होतं आणि ते उकिडव्यांनी स्वतः केलं. चाळीस बैठकांचा नियम ज्या आधारावर उभा होता तो आधार राहिला नव्हता. शिकण्याने नजर आखडते हे कोणी कधी मोजलंच नव्हतं. नवख्यांना चाळीस बैठकांनंतर घरी पाठवल्यामुळे ते मोजण्याची संधीही आली नव्हती. त्यांनी महापालिकेला सविस्तर अहवाल दिला. त्यात स्वतःची चूक पहिल्या पानावर लिहिली आणि एकतीस जणांना परत बोलावण्याची मागणी केली. त्यांतले एकोणीस आले. बाकीच्यांना तोवर दुसरी कामं मिळाली होती.

ते परत आले त्या पहिल्याच दिवशी फरहीनने चौथ्या धड्याचं कुलूप काढलं. शिवकन्या सरासरी शिकली आणि शिकता शिकता म्हणाली, "ही काढायच्या आधी एकदा सगळ्यांना सुटं बघितलं पाहिजे, असं लिहा ना इथं वर." फरहीनने ती ओळ धड्याच्या सुरुवातीला घातली. त्याच नियमाने परत आलेल्या एकोणीस जणांच्या नजरेच्या चौकटीही सुट्या काढल्या गेल्या. त्यांतल्या एकीत डाव्या कडेला पांढरा पट्टा सापडला. ती पूर्वी बस चालवणारी बाई होती. तिचे थेंब वेळेत सुरू झाले, तिचं नुकसान किरकोळ होतं. एप्रिलपासून महापालिकेच्या सगळ्या दवाखान्यांत चित्रवेधचा पहिला धडा नागरिकांसाठी खुला झाला. वीस मिनिटं बसून आपल्या पेठेच्या पाण्याचं चित्र काढायचं आणि जाताना आपल्या नजरेचं चित्र घेऊन घरी जायचं.

राहता राहिला उकिडव्यांच्या पाळीचा प्रश्न. त्यांनी राजीनामा लिहून ठेवला होता. शिवकन्येला ते फरहीनकडून कळलं. तोवर ती अकराव्या धड्यावर, पडद्याच्या मांडणीवर, पोचली होती. दोन दिवस ती मोठ्या पडद्याकडे बघत बसली. मग तिने फरहीनला विचारलं, "मॅडम, हे दर तासाच्या पाण्याच्या मागणीचे आकडे पडद्याच्या खालच्या कडेला का आहेत?"

"पहिल्यापासून तिथेच आहेत."

"सगळे जण सारखे त्यांच्याकडेच बघतात. नजर तिथं मुक्कामाला असते. साहेबांची खाली मुक्कामाला राहिली, म्हणून सगळं शहर त्यांच्या डोळ्याच्या वरच्या बाजूला गेलं. आकडे वर नेले तर?"

फरहीनला समजायला दोन सेकंद लागले. आकडे पडद्याच्या वरच्या कडेला नेले, तर नजरेचा मुक्काम वर होईल आणि सगळा नकाशा तिच्या खाली येईल. खालचं तर उकिडव्यांना उत्तम दिसत होतं.

आकडे वर न्यायला शिवकन्येला पाऊण तास लागला. दोनदा ते नकाशावरच सांडले.

सोमवारी सकाळी तिने उकिडव्यांना खुर्चीत बसवलं. राजीनाम्याबद्दल कोणी काही बोललं नाही. ते आकडे बघत बसले. नेत्रवेधक चालू होते आणि फरहीन टेबलावर त्यांच्या नोंदी उमटताना पाहत होती. अर्ध्या तासाने उकिडव्यांची नजर आकड्यांवरून सुटली, रानमळ्यावर गेली आणि थबकली. रानमळा शहराच्या अगदी उत्तर टोकाला होता.

"शिवकन्याताई," ते म्हणाले, "रानमळ्यात दाब असा हिसके देत का उतरतो आहे?"

तिने पाहिलं. "क्लोरीन ठीक आहे. गढूळ नाही. तिथं मंगल कार्यालय आहे साहेब, आज मोठा मुहूर्त आहे. टँकर भरून घेत असतील. एक भरला की दुसरा."

"असतील म्हणून चालणार नाही. विचारा."

तिने कार्यालयात फोन लावला. पलीकडून सनईचा आवाज एवढा येत होता, की तिला दोनदा ओरडून विचारावं लागलं. मग तिने फोन खाली धरला.

"टँकरच भरतायत. दोन लग्नं आहेत. विचारतायत, पाणी बंद करणार आहात का?"

"नाही म्हणावं," उकिडवे म्हणाले. "भरू द्या सावकाश." आणि नजर वरच्या आकड्यांवर नेऊन ते पुन्हा सगळं शहर बघू लागले.